क्लीव्हलंडच्या काकांना लेस्टर समजावताना

लंडन बघून झालं, लेक डिस्ट्रिक्टला पावसात भिजून झालं, एडिनबराच्या चढांवर नवऱ्याचे गुडघे बोलायला लागले. त्या सगळ्याचे फोटो फेसबुकवर टाकलेत, ज्यांना हवेत त्यांनी तिकडे बघावेत. मला लिहायचंय ते लेस्टरबद्दल. पर्यटक म्हणून तिथे फारसं कुणी जात नाही. आम्हीही २०२५ च्या जूनमध्ये गेलो ते भाचा तिथे शिकतो म्हणून. बहिणीनं बांधून दिलेला चिवडा त्याच्या हातात पडला नसता, तर नागपूरला परत तोंड दाखवायची सोय नव्हती. एडिनबराहून लेस्टरला यायची तिकिटं ऐन वेळी काढली. त्यांचा आकडा इथे लिहीत नाही, सासूबाई हा ब्लॉग वाचतात.

भाच्याच्या खोलीत त्याची सायकलच जेमतेम मावते, म्हणून आम्ही एका गेस्ट हाउसात उतरलो. खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि नळाला गरम पाणी यायचं ते आपली आंघोळ उरकल्यावर. हेही चाललं असतं. पण खाली नाश्त्याला एकच लांबलचक टेबल, आणि सगळ्या पाहुण्यांनी मिळून बसायचं. चहा पोटात जाईपर्यंत मी घरच्यांशीही बोलत नाही, तिथे अनोळखी माणसांना हसून ‘झोप लागली का’ कसलं विचारते! नवरा समोरच्या बीन्सकडे बघत तर्री-पोह्यांची आठवण काढत बसलेला. भाचा फुकटच्या नाश्त्यासाठी सकाळीच हजर.

समोर बसलं होतं अमेरिकेतलं सत्तरीचं एक जोडपं. ओहायोचे, क्लीव्हलंडजवळचे. काकूंना इतिहासाचं वेड. २०१२ साली इथल्या एका कार पार्कखाली तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला आणि २०१५ च्या मार्चमध्ये तो इथल्या कॅथीड्रलमध्ये समारंभानं पुरला गेला, त्या थडग्यासाठी त्या एवढ्या लांब आल्या होत्या. काका मात्र नुसतेच सोबतीला. डोक्यावर तपकिरी-नारिंगी टोपी, क्लीव्हलंड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉलच्या टीमची, जेवतानाही न काढलेली. त्यांनी विचारलं, “गावभर हा कोल्हा कशाचा लावलाय?”

भाचा म्हणाला, “मावशी, तू सांग.” आणि स्वतः माझ्या ताटलीतलं अंडं उचललं.

मी थोडक्यात सांगितलं. कोल्हा म्हणजे लेस्टर सिटी, इथला फुटबॉल क्लब. २०१५-१६ चा सीझन सुरू होताना हे प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सगळ्यात वरची लीग, जिंकतील यावर सट्टेवाले एकास पाच हजार भाव देत होते. आणि हे जिंकले. दुसऱ्या आलेल्या आर्सेनलच्या १० गुण पुढे राहून जिंकले.

काकांनी मान डोलावली. “सिंड्रेला स्टोरी. आमच्याकडे दरवर्षी एक तरी असते.”

दरवर्षी! इथे माझं टाळकं सरकलं. ३ मे २०१६ च्या पहाटे अडीच वाजेपर्यंत मी नागपूरच्या उकाड्यात, कूलरच्या खडखडाटात जागी होते, सकाळी ऑफिसला जायचं असताना. ते काय दरवर्षी होणारं काही बघायला? चहा संपला नव्हता तरी मी बोलायला लागले.

टेबलावर जॅमच्या छोट्या डब्या आणि बटरच्या पुड्या होत्या. त्या गोळा करून वीस नग ओळीत लावले. हे वीस संघ. प्रत्येकजण प्रत्येकाशी दोनदा खेळणार, एकदा घरी, एकदा बाहेर. ३८ सामने, शेवटी ज्याचे गुण जास्त तो विजेता. प्लेऑफ नाही, फायनल नाही. चांगले दोन आठवडे सापडले आणि कप उचलला, असं इथे होत नाही. ऑगस्ट ते मे टिकून राहावं लागतं. लेस्टर त्या ३८ मध्ये फक्त ३ सामने हरले.

“आणि हे शेवटचे तीन?” काकांनी विचारलं.

मी तळाच्या तीन पुड्या टेबलावरून खाली, काकांच्या मांडीवर ढकलल्या. मालकीणबाई किटली घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडे जे बघितलं त्यानंतर आम्हाला जॅम मोजून मिळायला लागला.

“हे गेले खालच्या लीगमध्ये. तिच्या खाली आणखी एक लीग आहे, तिच्या खाली आणखी. लेस्टर २००८ साली दोन पायऱ्या खाली, तिसऱ्या लीगमध्ये होतं. तिथून सात वर्षांत वर.”

काका पुड्या हातात घेऊन बसले. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि प्रश्न हुशार होते हे मान्य करायला हवं. शेवटच्या नंबरच्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेताना, पहिला खेळाडू निवडायला मिळतो ना? नाही, इथे ड्राफ्टच नाही, खेळाडू विकत घ्यायचे. मग सॅलरी कॅप? सगळ्यांना सारखी मर्यादा असा प्रकार नाही. कमाईच्या मानानं खर्च किती करायचा यावर नियम आहेत, पण ज्याची कमाई मोठी त्याचा पगारही मोठा. त्या वर्षी लेस्टरचा पगारखर्च सुमारे ८ कोटी पौंड होता आणि मँचेस्टर युनायटेडचा सुमारे २३ कोटी. मँचेस्टर सिटीनं त्याच उन्हाळ्यात एकट्या केव्हिन डी ब्रॉयनासाठी ५ कोटींहून जास्त मोजले होते. लेस्टरनं महारेझ घेतला होता सुमारे ४ लाखांत, व्हार्डी १० लाखांत, कांते ५६ लाखांच्या आसपास.

इथे एक गोष्ट मी काकांना तेव्हाच सांगितली आणि इथेही सांगते. लेस्टरला गरिबाघरचं पोर करून टाकायची जी हौस सगळ्यांना असते, ती मला पटत नाही. २०१० पासून क्लबचा मालक होता विचाई श्रीवद्धनप्रभा, थायलंडमधल्या किंग पॉवर ड्यूटी फ्री दुकानांचा अब्जाधीश. झोपडीतून आलेले नव्हते हे लोक. पण ज्या पाच-सहा क्लबांमध्येच ही लीग फिरत राहायची, त्यांच्यापुढे ते लिंबूटिंबूच होते. अमेरिकेत दुबळा संघ वर यावा म्हणून अख्खी व्यवस्था हात देते. इथे तो खालीच राहावा अशीच सगळी रचना आहे. म्हणून तुमची सिंड्रेला वेगळी आणि ही वेगळी, मी म्हटलं.

काकांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे कोलंबस क्लिपर्सनी वर्ल्ड सीरिज जिंकल्यासारखं.”

वर्ल्ड सीरिज म्हणजे त्यांच्याकडच्या बेसबॉलची फायनल, आणि क्लिपर्स म्हणजे त्याच बेसबॉलमधला क्लीव्हलंड गार्डियन्सचा खालच्या पातळीवरचा संघ. मी म्हटलं, जवळपास. फक्त क्लिपर्सना तशी संधी कधी मिळते का? ते हसले. “कशी मिळणार? पोरगा चांगला खेळला की गार्डियन्स त्याला वर बोलावून घेतात. क्लिपर्सचं स्वतःचं असं काही नाहीच.” हे बोलताना ते मध्येच थांबले. त्यांना पहिल्यांदा काहीतरी खटकलं असावं, आपल्याच खेळातलं.

काकू थडग्याकडे गेल्या, नवरा गुडघ्यांना बाम चोळायला वर गेला, आणि काका आमच्याबरोबर स्टेडियम बघायला निघाले. गावातून चालत वीस-पंचवीस मिनिटं. वाटेत वेलफर्ड रोडवर एक भलंमोठं मैदान लागलं. काका टोपी सरळ करून फोटो काढायला थांबले. भाच्यानं सांगितलं, “हे रग्बीचं. लेस्टर टायगर्स.” या गावात जिंकायची सवय होती ती टायगर्सना, फुटबॉलवाल्यांना नाही. मग भाच्यानं आपली ती ठरलेली गोष्ट सांगितली, की आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, ग्रेस रोडच्या क्रिकेट मैदानावर त्यानं लेस्टरशायरकडून खेळणाऱ्या अजिंक्य रहाणेला पाहिलं. काकांना रहाणे कोण ते माहीत नाही. भाचा दुखावला. रहाणे समजावायला घेतला असता तर संध्याकाळ झाली असती, म्हणून मी त्याला पुढे ढकललं.

चालता चालता व्हार्डीचा विषय निघाला. कारखान्यात काम करत करत स्टॉक्सब्रिजसारख्या छोट्या क्लबासाठी खेळणारा, एका मारामारीच्या शिक्षेमुळे काही काळ पायात इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून फिरणारा हा माणूस २०१५ मध्ये सलग ११ लीग सामन्यांत गोल करून व्हॅन निस्टलरॉयचा विक्रम मोडतो. हे काकांना समजावायलाच लागलं नाही. “कर्ट वॉर्नर!” ते म्हणाले. आयोवातल्या किराणा दुकानात रात्री फळ्यांवर माल लावायचा, पुढे सेंट लुइस रॅम्सना सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची फायनल, जिंकून देणारा क्वार्टरबॅक. खरं सांगायचं तर ही जोडी मला सुचली नसती. एका माणसाची अशी गोष्ट अमेरिकन माणसाला पटकन भिडते. अडतं ते संघाच्या गोष्टीपाशी.

मग ते जिंकले कसे? मैदानाच्या कडेला, राखीव खेळाडूंच्या खुर्च्यांवर बसून मी जमेल तसं सांगितलं. चेंडू बहुतेक वेळ समोरच्याकडेच असायचा. मॉर्गन आणि हूथ हे दोन पहाड गोलासमोर ठाण मांडून, कांते दोन माणसांचं काम एकटा करणार, चेंडू सुटला की महारेझ किंवा लांबची एक किक, आणि व्हार्डी पळत सुटणार. युरोपातल्या स्पर्धांत खेळायचं नसल्यानं आठवडाभर विश्रांती मिळायची, दुखापती कमी, संघात बदल कमी. वर मोठ्यांची घरं त्याच वर्षी एकदम विस्कटलेली. गतविजेत्या चेल्सीनं डिसेंबरमध्ये प्रशिक्षक मोरिन्योला काढलं, तेही लेस्टरकडून हरल्यावर, आणि शेवटी ते दहावे आले. फेब्रुवारीत हे मँचेस्टर सिटीच्या घरी जाऊन ३-१ जिंकले, त्यात दोन गोल बचावपटू हूथचे. तेव्हा नागपुरात बसून मलाही पहिल्यांदा वाटलं, अरे, हे खरंच होतंय की काय! मार्च-एप्रिलमध्ये ओळीनं चार सामने १-०. बघायला रटाळ होते ते सामने, जीव घेणारे. प्रशिक्षक रानिएरी, चौसष्टीचा इटालियन. आधीच्या नोकरीत, ग्रीसचा संघ फॅरो बेटांकडून हरला म्हणून हाकललेला. त्यानं खेळाडूंना सांगितलं होतं, एक सामना गोल न खाता काढा, पिझ्झा देतो. काढल्यावर त्यांना पिझ्झाच्या दुकानात नेलं आणि कणीक त्यांच्याच हातांनी थापायला लावली.

काकांना पिझ्झा आवडला. मला या सगळ्यात आपला विदर्भ आठवत होता. २०१७-१८ च्या रणजीत चंद्रकांत पंडितांच्या शिस्तीत, पस्तिशी केव्हाच ओलांडलेल्या वसीम जाफरला घेऊन, इंदूरच्या फायनलमध्ये गुरबानीच्या हॅट्ट्रिकनं दिल्लीला लोळवणारा विदर्भ. मुंबईकरांना तेव्हा ‘एकदाच लागलं’ वाटलं. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकले, आणि २०२५ च्या मार्चमध्ये नागपूरलाच तिसऱ्यांदा. लेस्टरला तेवढंही जमलं नाही.

काका खरे चक्रावले ते जिंकण्याच्या क्षणाशी. शेवटचा पॉइंट कुणी मारला, किती सेकंद उरले होते, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, त्या रात्री लेस्टर खेळतच नव्हते. २ मे, सोमवार. लंडनमध्ये टॉटेनहॅम आणि चेल्सीचा सामना होता. लेस्टरला गाठू शकणारं तेव्हा एकटं टॉटेनहॅमच उरलं होतं, आणि त्यांना जिंकायलाच हवं होतं. हाफ टाइमला ते २-० पुढे. मग चेल्सीच्या केहिलचा एक, आणि ८३ व्या मिनिटाला हॅझार्डचा, २-२. सामना बरोबरीत संपला आणि लेस्टर चॅम्पियन. खेळाडू व्हार्डीच्या घरी टीव्हीपुढे बसलेले होते.

“टाय झाला,” काका म्हणाले. “दुसऱ्या दोन संघांचा. आणि तुम्ही चॅम्पियन. सोफ्यावर बसून.”

“हो.”

“यात मजा काय?”

मला उत्तर देता आलं नाही. भाच्यानं फोनवर सोफ्यावरचा तो व्हिडिओ लावला, सगळे एकमेकांच्या अंगावर कोसळताहेत तो. काकांनी दोनदा बघितला आणि म्हणाले, बरं, ठीक आहे.

बाहेर विचाईंचा पुतळा आहे. २७ ऑक्टोबर २०१८ ला सामना संपल्यावर याच मैदानातून त्यांचं हेलिकॉप्टर उडालं आणि बाहेरच कोसळलं. पाचही जण गेले. त्या जागी आता बाग आहे. आम्ही तिथे फार बोललो नाही. भाचा म्हणाला, त्यांच्या वाढदिवसाला स्टेडियममध्ये फुकट बिअर आणि डोनट वाटायचे. मालक असावा तर असा, काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात काहीतरी होतं जे मला तेव्हा कळलं नाही.

“आता कितवे आहेत हे?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. चॅम्पियन झाल्यावर नऊ महिन्यांत रानिएरीला काढलं. कांते चेल्सीला गेला आणि पुढच्याच वर्षी चेल्सी चॅम्पियन. २०२१ मध्ये एफए कप, इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकले. २०२३ ला खालच्या लीगमध्ये घसरले, २०२४ ला वर आले, आणि २०२५ ला पुन्हा घसरले. व्हार्डी त्याच वर्षी मेमध्ये गेला. शेवटच्या सामन्यात क्लबासाठीचा २०० वा गोल मारून.

काकांना हे सहनच होईना. चॅम्पियनशिप जिंकलेल्या संघाला लीगमधून बाहेर काढतात? स्टेडियमचं काय? लोकांच्या सीझन तिकिटांचं काय? मुलं कुणाची टोपी घालणार? आणि मला आता चांगलाच सूर लागला होता. म्हटलं, हेच तर आहे! तुमच्याकडे ही भीतीच नाही. तुमचे ब्राउन्स २०१७ मध्ये सोळाच्या सोळा सामने हरले. काय झालं? लीगमध्येच राहिले, वर बक्षीस म्हणून ड्राफ्टमध्ये पहिला नंबर! २०१४ च्या ख्रिसमसला लेस्टर तळाशी होते. शेवटच्या ९ पैकी ७ सामने जिंकून कसेबसे वाचले. तो जीव वाचवण्याचा कस होता, त्यावरच पुढचं वर्ष उभं राहिलं. ज्याला खाली पडायचं माहीत नाही त्याला हे कसं कळणार?

काका शांतपणे ऐकत होते. मग टोपी काढली, हातात घेतली. दिवसभरात पहिल्यांदा.

“१९९५,” ते म्हणाले. नोव्हेंबरमध्ये ब्राउन्सच्या मालकानं जाहीर केलं की टीम बाल्टिमोरला नेतो आहे. सीझन चालू असताना. हरत होते म्हणून नव्हे, स्टेडियमचे पैसे तिकडे मिळणार होते म्हणून. काका वडिलांबरोबर लहानपणापासून त्या मैदानावर जायचे. टीम गेली. तीन वर्षं क्लीव्हलंडला टीमच नव्हती. १९९९ ला लीगनं त्याच नावाची नवी टीम दिली, रंग तेच, टोपी तीच. आणि गेलेली टीम? तिनं नाव बदललं, रेव्हन्स, आणि २००१ च्या जानेवारीत सुपर बोल जिंकली. “तो कप आम्ही टीव्हीवर बघितला,” ते म्हणाले. “तुमची ही टीम कुठे गेली? त्या रस्त्याच्या पलीकडे गेली का? इथेच आहे ना?”

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलले नाही. काय बोलणार? सकाळपासून मी ज्याला घाबरणं शिकवत होते, त्याची टीम रातोरात सामान बांधून निघून गेली होती, आणि तो तीस वर्षं तीच टोपी घालून फिरत होता.

संध्याकाळी मीच म्हटलं, जेवायला चला आमच्याबरोबर. थडगं बघून तृप्त झालेल्या काकू, बामाच्या वासासकट नवरा, असे सगळे बेलग्रेव्ह रोडला गेलो. साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, फरसाण, आणि रस्त्याच्या कडेला गांधीजी. १९७२ मध्ये ईदी अमीननं युगांडातून आशियाई लोकांना हाकललं, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं तिथल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, की इकडे येऊ नका, जागा नाही. लोक आले. आज दिवाळीची रोषणाई बघायला अख्खा इंग्लंड याच रस्त्यावर येतो. थाळी गुजराती होती, वरण गोड होतं. सावजी खाऊन वाढलेल्या माणसांनी त्याबद्दल बोलू नये हे बरं. काकूंना मात्र खांडवी इतकी आवडली की त्यांनी ती तीनदा मागितली.

गल्ल्यावर बसलेले गुजराती आजोबा निळा स्कार्फ गळ्यात घालून होते, जूनमध्ये. काका त्यांच्याशी बोलायला उठले. पुढच्या सीझनला काय? आजोबा म्हणाले, चॅम्पियनशिप, म्हणजे दुसऱ्या नंबरची लीग, २४ संघ, ४६ सामने, पहिले दोन सरळ वर.

“आणि तिसरा?”

“तिसरा ते सहावा, या चौघांचे प्लेऑफ.”

काका गर्रकन माझ्याकडे वळले. “प्लेऑफ नसतात म्हणालात!”

“वरच्या लीगमध्ये नसतात,” मी म्हटलं. “खालच्या लीगमध्ये असतात.”

“म्हणजे जिंकायला नाही, पण वर चढायला आहेत?”

“हो.”

त्यांनी खुर्ची ओढली, गल्ल्याला खेटून बसले, आणि आजोबांना विचारलं की तुमचे कधी झाले होते का हे प्लेऑफ. भाच्यानं कपाळावर हात मारला. २०१३, वॉटफर्ड. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी, क्नोकार्टची, गोल झाला तर लेस्टर फायनलला, वेम्ब्लीला. गोलकीपरनं अडवली, परत आलेला चेंडूही अडवला, आणि वीस सेकंदांत त्याच चेंडूवर दुसऱ्या टोकाला वॉटफर्डच्या डीनीचा गोल.

“वॉटफर्ड,” आजोबा म्हणाले, “हे नाव माझ्या दुकानात काढायचं नाही.” आणि त्यांनी पोराला हाक मारून काकांसाठी चहा सांगितला, मोठा, कारण गोष्ट मोठी होती.